देव नळदुर्गाला गेला तेव्हा

जळकोटचा गुंडप्पा तेली म्हणायचा, मी मौजेसाठी पीत नाही, दुःखापायी पितो. दुःख कसलं, हे त्याच्या बायकोला, नीलम्माला, कधी कळलं नाही. लढाईमुळं घासलेट मिळेनासं झालं होतं, घरोघर दिव्याला करडीचं तेल लागत होतं आणि गुंडप्पाचा घाणा दिवसभर फिरत होता. म्हणजे बैल फिरत होता, बैलामागं नीलम्मा फिरत होती, आणि गुंडप्पा शिंदीच्या दुकानात बसून दुःख करीत होता.

त्यांच्या महानंदाला सास्तूरचं स्थळ आलं. मुलाचे वडील शरणबसप्पा तोंडावर बोलणारे. "पोरगी पसंत हाय. मार्गशीर्षात पुन्हा येतो. व्याही शुद्धीवर दिसले तर सुपारी फोडू, न्हाय तर इथनंच नमस्कार," असं सांगून ते गेले. व्याही तेव्हा घाण्याला टेकून घोरत होते.

पिणं सोडलेले लोक कुठंतरी जमतात आणि दुसऱ्याचं सोडवतात, एवढं नीलम्माच्या कानावर होतं. कुठं, ते कुणाला सांगता येईना. मठातल्या स्वामींनी नुसती विभूती दिली. शेवटी ती शिंदीच्या गुत्तेदारापुढंच जाऊन उभी राहिली.

"बलभीमदादा, पिणं सोडल्यावर गिऱ्हाईक जातं कुठं?"

"माझं कशाला जातंय, अक्का?" बलभीम हसला. मग त्यानं तोंड वाकडं केलं. "अणदूरच्या दुकानाचं गेलंय. दर आइतवारी खंडोबाच्या ओवरीत बसत्यात ती सोंगं. भंडारा उचलून शपथ घेत्यात."

पुढच्या आइतवारी नीलम्मानं नवऱ्याला बैलगाडीत घातलं. ओवरीत पुरुष बसले, बायका बाहेर पायरीवर. मंडळींचे म्होरके हिंमतराव, कधीकाळी कुठल्याशा ठाण्यावर जमादार होते. एकेकानं उठून आपण किती प्यायचो ते सांगायचं, अशी रीत. सांगणाऱ्याच्या तोंडावर कुस्ती मारल्याचं तेज. एकानं बायकोचं डोकं फोडल्याचं सांगितलं आणि रडला. बाकीच्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ती बायको नीलम्माच्या शेजारीच बसली होती. कपाळावरची खोक पदराखाली सारून ती शेंगा सोलत राहिली.

गुंडप्पानंही भंडारा उचलला, गळा काढला. "वा, वाघ हाय," जमादार म्हणाले.

पण त्यानं सोडली, हे खरं. आधी अंगाला कापरं सुटलं, मग झोप उडाली, मग तो सगळ्यांना शिव्या देत बैलामागं फिरू लागला. त्यानंतर मात्र घरात संत अवतरला. तेलाला आलेल्या बायकांची भांडी तशीच रिकामी ठेवून तो त्यांना आपला त्याग ऐकवी. दर आइतवारी न चुकता अणदूरला जाई.

मार्गशीर्षात खंडोबाची मूर्ती नळदुर्गाला गेली. देव एकच, गावं दोन. वर्षाचा बराच काळ तो अणदूरला असतो, थंडीत काही आठवडे नळदुर्गाला. त्या आइतवारी गुंडप्पा उड्या मारतच घरी आला. सास्तूरचे पाहुणे बुधवारी यायचे होते.

"शपथ सुटली!"

"कुणी सोडली?"

"जमादारांनी. शपथ अणदूरच्या देवाफुडं घेतलेली. देव गावात न्हाय, मग ती बघणार कोण? समदेच पिणार हायत. देव परत आला की पुन्हा भंडारा उचलायचा. दरसालची रीत हाय म्हणं."

नीलम्मा करडी पाखडत होती. रडून, पाया पडून, उपाशी राहून तिनं पूर्वी सगळं करून बघितलं होतं. या माणसासाठी आणखी एकदा डोळ्यांतलं पाणी खर्चायची तिची तयारी नव्हती.

"जमादारांचं बरोबर हाय," ती म्हणाली. "त्यांचा देव लांब गेला."

"तेच की!"

"पण तुमी जळकोटचं. आपल्याला अणदूर जवळ का नळदुर्ग?"

गुंडप्पा विचारात पडला. अणदूरची वाट नळदुर्गावरूनच जाते. "नळदुर्ग. निम्म्या वाटंवर."

"मग देव आपल्याकडं सरकलाय. जावा आता बलभीमाकडं. निम्म्या वाटंवरनं त्याला काय दिसतंय, काय न्हाय, ते तुमचं तुमी बघा."

गुंडप्पाचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं त्याला आशा वाटली. "आन् देव परत लांब गेल्यावर?"

"तवा अणदूरची शपथ चालू. जमादारच म्हणले न्हवं?"

त्यानं बराच वेळ या दोन गावांमधून सुटायला फट शोधली. सापडली नाही, तेव्हा वहाणा काढल्या. लाज वाटून नाही, बायकोवर माया येऊनही नाही. हिशेब चुकला म्हणून.

बुधवारी शरणबसप्पा आले. गुंडप्पा शुद्धीवर होता आणि त्यामुळं आंबट तोंड करून बसला होता. पाहुण्यांना ते गांभीर्य वाटलं. सुपारी फुटली. जेवताना शरणबसप्पांनी कौतुकानं विचारलं, "व्याही, सोडली कशी हो?"

गुंडप्पानं खाकरून घसा साफ केला. "मनाचा निग्रह लागतो, पाव्हणं. येऱ्यागबाळ्याचं काम न्हाय." मग त्यानं निग्रहावर बोलायला जी सुरुवात केली, ती पोळी गार झाली तरी संपेना.

आत महानंदानं पदर तोंडाला लावला. "अव्वा, ऐकलंस का? अप्पा काय बोलत्यात ते?"

नीलम्मानं तव्यावरची पोळी उलटली.

"बोलू दे. त्या तोंडाला कायतरी काम पायजे."