उभी काठी, आडवी काठी

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने सांगलीकडे निघालो, ते केवळ पुरणपोळीच्या आशेवर. माझा मित्र विलास नुकताच फौजेतून निवृत्त झाला होता आणि त्याने गावच्या यात्रेला बोलावलं होतं. कराडनंतर बस इतकी भरली की कुणाची तरी कोंबडी माझ्या मांडीवर आली. तीही यात्रेलाच निघाली होती, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गावात उतरलो तर पुरणाचा वास सुटलेला, पण जेवत कुणीच नव्हतं.

"काठ्यांचा निवाडा झाल्याबिगर पालखी हालत न्हाई," विलास म्हणाला, "आन् पालखी हालल्याबिगर कुणी जेवत न्हाई."

वरच्या आळीची एक सासनकाठी (देवापुढे नाचवतात तो सजवलेला उंच वेळू) आणि खालच्या आळीची एक. दोन्ही सारख्याच लांबीच्या हव्यात, कुणाचा तोरा कुणावर नको. रीत अशी, की एक काठी उभी करायची, दुसरी तिच्या बुडाशी आडवी ठेवायची आणि गावाने नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं.

वरच्या आळीच्या आबांची काठी उभी होती. "लय लांब हाय ती, कापा!" खालच्या आळीचे नाना ओरडले. सुताराने वीतभर कापली. मग नानांची उभी केली, तर आबा ओरडले, "आता ही लांब!" पुन्हा करवत. सकाळपासून हेच चाललं होतं. देवळाच्या शिखराला टेकणाऱ्या काठ्या आता ओसरीच्या आढ्याएवढ्या उरल्या होत्या.

मी दोरी मागून मोजलं. दोन्ही सारख्याच.

"दोरी आंदळी असती, पावणं," नाना म्हणाले. "डोळ्याला दिसतंय की."

"मग दोन्ही आडव्या ठेवा."

"सरपण हाय व्हय?"

"बरं, दोन्ही उभ्या करा."

"दोन्ही उभ्या ऱ्हायल्या की आळ्या भिडत्यात, डोकी फुटत्यात," विलास कानात कुजबुजला.

नानांनी आपल्या काठीवरून हात फिरवला. "बानं पाटणच्या डोंगरातनं खांद्यावर आणल्याली. असंच चाललं तर पोरं हिनं इटीदांडू खेळतील." डोळे भरून आले होते त्यांचे. मला भुकेचाही विसर पडला, इतकं वाईट वाटलं. उभी रेघ आडवीपेक्षा लांब भासते, असं कधीतरी वाचलेलं आठवलं.

"आबा, जरा कुशीवर आडवं होऊन बघता?"

आबा धुळीत आडवे झाले. "आयला! आता आडवी लांब दिसतीया!" नाना आडवे झाले. मग अख्खं गाव आडवं झालं. "कापा आडवी!" सुतार करवत घेऊन धावला.

"थांबा!" मी ओरडलो. "उठा, आणि नुसती मान तिरकी करा. अर्धीच!"

सगळ्यांनी माना खांद्याकडे कलत्या केल्या. डोळे बारीक करून काठ्या न्याहाळल्या.

"सारक्याच की रं गड्या," आबा नानांना म्हणाले, आणि नानांनी काठी उराशी धरली. पालखी हलली. कुणाला पुन्हा शंका नको म्हणून गाव दिवसभर तिरक्या मानेनेच वावरलं. मीही तसाच जेवलो. कटाची आमटी कॉलरमध्ये गेली.

परतताना मी सातारा स्टँडवर उतरलो, तोच विलासने निवाड्याच्या वेळचा फोटो धाडला. खाली विचारलं होतं, "नाना विचारत्यात, बरूबर दिसत्यात न्हवं?" फोटोत उभी काठी चांगली हातभर लांब दिसत होती. मी घाईघाईने फोन तिरका केला, आणि मगच कळवलं, "सारख्याच आहेत. मात्र नानांना म्हणावं, फोटो सरळ धरू नका."