मशीनने पकडलेली सुकडी

आमच्या सुनेने चोरी केली, असं सांगलीच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरने लेखी दिलं. चोरीचा माल माझा होता.

माझं शिक्षण चौथी. माहेर वडूजकडचं, सासर कुंडल. सून वैशाली कॉलेजात शिकवते आणि प्रबंध लिहीत होती. विषय काय, तर बहात्तरच्या दुष्काळात माण-खटावच्या बायकांनी काय खाल्लं. (जे मिळालं ते खाल्लं. पण या उत्तराला डॉक्टर पदवी मिळत नाही म्हणे, म्हणून पाच वर्षं.) प्रबंध झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती, आणि त्या महिन्याअखेर तो दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार होती.

ही बाई पाच वर्षं म्हसवडपर्यंत म्हाताऱ्या शोधत फिरली. दुष्काळी कामावर खडी फोडलेली एक म्हातारी घरातच भाकऱ्या थापत होती, तिला कोण विचारतंय! मीही गप्प राहिले. न विचारता बोलायला मी काय रेडिओ आहे? शेवटी एक प्रकरण कमी पडलं, तेव्हा आली मोबाईल घेऊन.

"आत्या, तुमीबी खडी फोडायला होता न्हवं?"

मी हाताचं पीठ झटकलं, तिच्याजवळ सरकले आणि म्हणाले, "हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई."

मग सगळं सांगितलं. परदेशातून आलेल्या मिलो जोंधळ्याची लाल भाकरी, नुसता उकडलेला तांदुळजा, कामावर खायला मिळणारी गोड पिठाची सुकडी, आणि त्यातली निम्मी फडक्यात बांधून मी धाकट्या भावाला कशी न्यायची ते. वैशालीचे डोळे भरून आले. माझे नाही आले. मला सवय होती.

आठवड्याने ती घरी आली ती चेहरा पाडून. पूर्वी म्हणे तिचे मार्गदर्शक सर प्रबंध वाचायचे. आता आधी मशीन वाचतं. जगात जे जे छापून इंटरनेटवर चढवलंय त्याच्याशी ताडून बघतं आणि उचललेलं वाक्य तांबडं करतं. तिने कागद पुढे टाकले. माझं प्रकरण पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तांबडंलाल. कुंकवाचा करंडा लवंडला तरी इतकं होत नाही.

सरांनी सांगितलं होतं, शब्द बदला नाहीतर प्रकरण काढा. प्रकरण काढलं तर प्रबंधात राहतंय काय? म्हणून वैशालीने शब्द बदलायचं काम दुसऱ्या मशीनला दिलं. (एक मशीन चोर पकडतं, दुसरं चोराला वेश बदलून देतं. असा कारभार आहे.) त्याने काय केलं ते तिने वाचून दाखवलं. मी खडी फोडली नव्हती, "पाषाणविघटनाच्या कार्यात सहभाग नोंदवला" होता. तांदुळजा खाल्ला नव्हता, "हरितपर्णीय आहाराचे सेवन" केलं होतं.

"वैशाली," मी म्हटलं, "पोटात आग पडल्यावर कुणी सेवन करतं का गं?"

"आवं आत्या, मग करू तरी काय मी?"

"उद्या मला सांगलीला न्हे. माझं बोलणं बदलायचं न्हाई. ती बोली माझ्या आईची हाय, मशीनच्या बापाची न्हाई."

आमचे मालक कोपऱ्यातून म्हणाले, "त्या सरांची आता धडगत न्हाई." त्यांना मी नजरेनेच गप्प केलं.

सर भले गृहस्थ होते. मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. विचारलं, "खडी मी फोडली, उपाशी मी राहिले, सांगितलं मी. मग चोरी झाली कुठं?"

"आजी, हीच वाक्यं तीन ठिकाणी आधीच छापून आलीत," सर म्हणाले आणि त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. "ही पहिलीच ओळ बघा."

चौथीचं शिक्षण अशा वेळी नडतं. वाचता येतं. तांबड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही.' खाली तीन पुस्तकांची नावं.

वैशाली माझ्याकडे बघायला लागली. मी चहा प्यायला घेतला.

मग कबूल केलं. आधी पुण्याची एक बाई आली होती, मग कोल्हापूरचा एक गृहस्थ, मग कॅमेरा घेऊन एक जण. ही आपली दिवसभर कॉलेजात, हिला कळणार कसं? पुस्तकांत माझं नावही नव्हतं, नुसतं 'एक वृद्धा'. परकी माणसं वाट वाकडी करून माझ्याकडे येत होती आणि घरची म्हसवडला जात होती. राग होता माझा. म्हणून तिलाही तेच ऐकवलं, आणि माल वापरलेला आहे हे सांगितलं नाही.

सर म्हणाले, "मग आत्ता पुन्हा सांगा. मी पडद्यावर बघतो."

मी सुरू केलं. ते ओळीवर बोट फिरवत होते. भाकरीनंतर मी थांबले, तसे सर म्हणाले, "आता तुम्ही पाणी मागणार." तिन्ही पुस्तकांत कंसात छापलं होतं, 'पाणी पितात'!

सर हसले. वाक्यं माझीच, हे त्यांना पटलं. माझं बोलणं जसंच्या तसं अवतरणात टाकायचं, खाली दरवेळी माझं नाव आणि गाव लिहायचं, आधीच्या तिघांचाही उल्लेख करायचा, असं ठरलं. मी पूर्ण नावाची सही केली. "फक्त," ते म्हणाले, "यात नवीन एखादी तरी गोष्ट पाहिजे. कुठंच न छापलेली."

मी कप खाली ठेवला. पन्नास वर्षांपूर्वीचं फडकं पुन्हा सोडणं सोपं नसतं.

"लिही वैशाली," मी म्हटलं. "निम्मी सुकडी भावाला न्हेली न्हाई. वाटंतच सगळी खाल्ली. घरी रिकामं फडकं न्हेलं."

सबंध प्रकरणात तेवढंच वाक्य पांढरं निघालं.

प्रबंध वेळेत गेला, वैशाली डॉक्टर झाली. भावाला ते पान फोनवर मी स्वतः वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ठावं हाय अक्का. तोंड पुसायची न्हाईस तू."

आमचे मालक गेली चाळीस वर्षं म्हणत होते, की ही तेच तेच सांगते. मी मानलं नाही. मशीनने लेखी दिलं, तरी मानत नाही. आता घरात मी तोंड उघडलं, की वैशाली सैपाकघरातून ओरडते, "आत्या, तांबडं!" ओरडू दे. माझं आहे, मी शंभरदा सांगेन.

बाकी ही सांगलीची हकीकत मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. मशीनला विचारू नका.