हॅगर्डचं मूळ

डब्लिनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे पुणेकर गृहस्थ कुठलाही इंग्रजी शब्द ऐकला की डोळे मिटतात आणि म्हणतात, "मूळ आपलंच."

डब्लिनबाहेर मलिंगार गावी घर घेताना म्हाताऱ्या मालकाने त्यांना विचारलं, मागचं हॅगर्डही हवं का? बायकोला मेथी लावायला जमीन हवीच होती. गृहस्थांनी डोळे मिटले. "अगं, हागणदारी ती!" म्हणत त्यांनी ठाम नकार दिला.

हॅगर्ड म्हणजे गवताच्या गंजींचं आवार. जुन्या बोलीतले गवत आणि आवार हे शब्द जोडूनच तो झाला. हे कळेपर्यंत शेजाऱ्याने ते घेऊन बटाटे लावले होते.

परवा त्यांच्या घरी माझ्यासमोरच त्यांची बायको खिडकीतून बोट दाखवत म्हणाली, "अहो, परस होतं ते!"

गृहस्थांनी डोळे मिटले. "मग मी काय म्हणालो? परसाकडची जागा."