आबांचा आडवा हात

आबांच्या वर्गात शिरायचं तर दारातच तीन वाक्यं द्यावी लागत.

चौक गावात जुन्या हायवेवर एका गॅरेजच्या माळ्यावर त्यांची स्पॅनिशची शिकवणी होती. आबा दारात उभे असत, उजवा हात चौकटीवर आडवा. "काल काय केलंस?" मग काल केलेल्या तीन गोष्टी स्पॅनिशमध्ये सांगायच्या. तिन्ही क्रियापदांचे प्रत्यय बरोबर आले की हात खाली. तोवर बाकीचे अरुंद जिन्यावर ताटकळत.

आबा हे त्यांचं नाव नव्हतं. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन: एक घडून संपलेल्या गोष्टींचा, दुसरा पूर्वी नेहमी घडायच्या त्या गोष्टींचा. दुसऱ्याचे प्रत्यय 'आबा, आबास, आबा' असे सुरू होतात. आम्ही ते मोठ्याने घोकायचो आणि खाली गॅरेजवाल्या दामूला वाटायचं, पोरं मास्तरांना हाक मारतायत. पंधरवड्यात ते साऱ्या गावाचे आबा झाले. "आबा वर हाय," दामू नव्या माणसाला सांगे, "पण दारात अडवतील रं. काल काय केलंस ते आठवून जा."

रसायनीच्या कारखान्यात ते ऑपरेटर होते. कंपनीने चार वर्षं मेक्सिकोला पाठवलं, तिथे बॉयलरशेजारी कामगारांकडून भाषा शिकले. प्रत्ययांचा तक्ता त्यांनी एका निळ्या ड्रमच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून दाराशेजारी टांगला होता. प्रत्यय बरोबर आला की त्यांचं बोट झाकणावर पडे, टक. एकदा मी 'काल पुस्तक वाचलं' असं ठोकून दिलं. बोट पडलं. मग विचारलं, "कोणतं?" मी झाकणाकडे बघायला लागलो.

"प्रत्यय बरोबर, वाक्य खोटं. खाली जा." आणि वर ऐकवलं, "थापा मारायला भविष्यकाळ हाय की. पुढारी तोच वापरतात. भूतकाळ खरा ठेवायचा."

पुढे कर्जतच्या एका कॉलेजने जागतिक भाषा केंद्र काढलं. फलक आधी लावला, भाषा नंतर शोधल्या. स्पॅनिशला आबाच हवे होते, पण प्रमाणपत्राशिवाय नाही. सदुसष्टाव्या वर्षी आबांनी परीक्षेचा फॉर्म भरला. "भिंतभर फळा हाय म्हणतात तिथं," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि खडूंचे दोन खोके आणून ठेवले. मी तेव्हा एका गोदामात हंगामी होतो. मला म्हणाले, "तू पण बस. सोबत होईल."

तोंडी परीक्षा आमची दोघांची एकत्र होती. समोर एक सभ्य बाई आणि टेबलावर घड्याळ. विषय निघाला: तुम्ही घालवलेली अविस्मरणीय सुट्टी. आधी आबा.

"मी सुट्टी घेतली नाही," आबा स्पॅनिशमध्ये म्हणाले आणि थांबले.

"कधीच नाही?"

"नाही."

"मग कल्पना करून सांगा."

आबांनी नकारार्थी मान हलवली. घड्याळाचा काटा फिरत होता. मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला. पाच मिनिटं अशी गेली.

मग माझी पाळी. नेरळच्या पुढे मी सुट्टीसाठी कधी गेलो नव्हतो. मी आईवडिलांना समुद्रावर नेलं, होडीत बसवलं, वडिलांची टोपी वाऱ्याने उडवली, टोपीचा रंगसुद्धा सांगितला. आणि शेजारी, सवयीने, माझ्या प्रत्येक खोट्या क्रियापदावर आबांचं बोट टेबलावर पडत होतं. टक. टक. टक. एकही चुकलं नाही.

त्यानंतर मी शिकवणीला जायचं टाळलं. निकाल लागला: मी पास, आबा नापास. कॉलेजचा फोन मला आला.

दुसऱ्या दिवशी जिना चढलो. हात आडवा होता.

"काल काय केलंस?"

"काल कॉलेजमधून फोन आला. त्यांनी तुमची जागा मला दिली. मी हो म्हणालो."

हात हलला नाही.

"पुन्हा."

"प्रत्यय चुकला?"

"नाही रं. दुसरं वाक्य खोटं हाय. माझी जागा त्यांनी दिली नाही. मी सोडली. पाच मिनिटं होती माझ्याकडं."

मी वाक्य दुरुस्त करून म्हटलं. आबांनी हात खाली घेतला, आत गेले आणि खडूंचे दोन्ही खोके माझ्या हातात ठेवले. "फळा मोठा हाय. लागतील."

कॉलेजातला फळा पांढरा, चकचकीत निघाला. त्यावर खडू उमटत नाही. खोके माझ्या टेबलावर न फोडलेले आहेत. रविवारी मी चौकला जातो. हात आडवा असतो. तीन वाक्यं सांगतो, तिन्ही खरी. खडूंबद्दलचं चौथं वाक्य तेवढं मनात ठेवतो.