मुका व्याही
एकोणीसशे एकतीस साल. मी एकवीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीतच सोडलेली, तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका असतील. त्या असू द्या. सांगतो ते खरं आहे.

माझा बा पोलादपूरचा गाडीवान. बैलांना त्याने जन्मात काठी लावली नाही, नुसता बोलून हाकायचा. "चल रं सरदार, घाट काय तुज्या बापाचा हाय? दमानं." दिवसभर तोंड चालू. कोणी हसलं तर म्हणायचा, "बैलाला कळला म्हंजे झाला. मानसाला कळून तरी काय व्हतंय?"

आई महाडची, मास्तरची मुलगी. तिचा बाप लवकर गेला म्हणून चुलत्याने तिला आमच्या वाडीत दिली. ती आल्यापासून घरात दोन भाषा झाल्या. चुलीपाशी 'आहे', ओटीवर 'हाय'. माझ्या तोंडून 'नाय' निघालं की आई ताटात वाढता वाढता थांबायची. 'नाही' म्हटल्यावर भात पडायचा. बा ओटीवरून हसायचा, "वाढ गो त्याला, भाताला काय कळतंय?"

त्या साली महाडच्या एका कारकुनाची मुलगी मला सांगून आली. सुंदर तिचं नाव. मी तिला बाजारात एकदा पाहिली होती आणि मनाशी ठरवून बसलो होतो. मुलगी बघायला महाडला निघताना आई बाला म्हणाली, "तिथं तोंड उघडू नका. विचारलं तर मान हलवा, पुरे."

"बरा गो," बा म्हणाला.

तो शब्दाला पक्का. कारकुनाने विचारलं, पाऊसपाणी कसं? बाने मान हलवली. बैल किती? दोन बोटं दाखवली. आतून सुंदरची आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली, "अगंबाई, व्याही मुका दिसतो!"

कारकुनाने हळूच विचारलं, "जन्मापासून?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग बाकडे. कधी खोटं न बोलणारी बाई म्हणाली, "नाही. तापात वाचा गेली." बा तिच्याकडे बघत राहिला, आणि त्याने मान हलवली. सुपारी फुटली.

परत निघालो तर बैल हलेनात. त्यांना आवाज हवा होता. बा बोलेना, आणि काठी तर तो मारणारच नव्हता. खाली उतरला, कासरा धरला आणि महाडपासून पोलादपूरपर्यंत बैलांच्या पुढे चालत राहिला. आई गाडीत पदर तोंडाला लावून बसलेली. तो रागावलाय की थट्टा करतोय, मला कळेना. मी हसू की उतरून त्याच्या बरोबर चालू, तेही कळेना. शेवटी मी बसूनच राहिलो.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अहो, बोला आता. इथं कोण ऐकतंय?" बाने तशीच मान हलवली, कारकुनासमोर हलवली होती तशी. ती माझ्याकडे वळली, "मी तुझ्यासाठीच केलं ना रे?" तिला हो म्हणावं तर बा गेला, नाही म्हणावं तर सुंदर गेली. मी गोठ्यात निघून गेलो.

बा मागून आला. सरदारच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "तुजा लगीन जमला ना? मंग मी मुकाच बरा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पायी महाडला गेलो. बासाठी गेलो की आईची जिरवायला, हे मला नातवंडं झाली तरी सांगता येत नाही. दार कारकुनानेच उघडलं. वाटभर मी शुद्ध वाक्यं जुळवत आलो होतो. त्याला बघितल्यावर ती सगळी बाजूला ठेवली, आणि आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "माजा बा मुका नाय. बोलतो. हा असाच बोलतो. चालत असंल तर मुलगी द्या."