सुभेदारांचं टेनिस

सांगलीच्या एका हायस्कुलात मी मास्तर म्हणून लागलो तेव्हा लढाई सुरू होती. खेळाडूपणाशी माझा संबंध एवढाच, की विद्यार्थी असताना मी हुतूतूच्या संघात राखीव गडी होतो आणि राखीवच राहिलो. तरी इथल्या क्लबात वकील-डॉक्टर मंडळी पांढऱ्या विजारी घालून टेनिस खेळताना पाहिली आणि माझं डोकं फिरलं. बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्याची जुनी रॅकेट मी घेतली. रॅकेट जड आणि लढाईमुळे नवे चेंडू मिळेनात, म्हणून जुनेच, केस झडलेले. मी चेंडूला मारतोय की रॅकेट मला फिरवतेय, हे बघणाऱ्यांना कळत नसे.

थोड्याच दिवसांत उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं. फळ्यावर लिहिताना कळ, तांब्या उचलताना कळ. बायकोने आंबेहळदीचा लेप लावून पाहिला. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला मूठ वळून मनगट वर उचलायला लावलं, वरून आपल्या हाताने दाब दिला, आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो.

ते म्हणाले, “टेनिस एल्बो.”

दुखणं विसरून मी खूश झालो. मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडाला चिकटलेले असतात, तिथे ताण पडून बारीक इजा होते, सांध्याला काही झालेलं नाही, असं ते समजावत होते. माझ्या कानात फक्त ‘टेनिस’ घुमत होतं. हात झोळीत घालून मी मुद्दाम बाजारपेठेतून घरी आलो. कुणी विचारलं तर सांगायचो, न विचारलं तर झोळी सारखी करायचो.

त्याच आठवड्यात कुंडलहून सासरे आले. पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आता उसाची शेती स्वतः बघणारे. त्यांचाही उजवा हात दुखत होता. वयाचा संधिवात असणार, असं मनाशी ठरवून मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तीच जागा दाबली. सुभेदारांनी नुसता डोळा बारीक केला.

“टेनिस एल्बो,” डॉक्टर म्हणाले.

“आवं डाक्टर, ऊस तोडताना मी सोता कोयता धरला, तवापास्नं दुखतंय. टेनिस म्या कवा खेळलो?”

डॉक्टर हसले. नाव खेळाचं असलं तरी हे दुखणं बहुतेक कष्ट करणाऱ्यांनाच होतं, ते म्हणाले. सुताराला, धुणं पिळणाऱ्या बाईला. माझी झोळी मला एकदम फार मोठी वाटायला लागली.

दोघांना उपचार एकच. दुखवणारं काम बंद, गरम पाण्याने शेक, वस्तू उचलायची तर तळहात वर ठेवून, आणि कळ कमी झाली की हलक्या लोट्याने मनगट हळूहळू वर-खाली करायचं. बरं व्हायला महिने लागतील, घाई करायची नाही. सुभेदारांनी हा हुकूम मानला आणि शेत गड्यांवर सोपवून आमच्याकडेच मुक्काम केला. ओसरीवर आम्ही समोरासमोर शेकत बसायचो. मी मात्र थोडं बरं वाटताच, शाळा तपासायला आलेल्या साहेबांना जोडीदार हवा म्हणून कोर्टावर उतरलो. दुसऱ्या दिवशी मला खडू धरवेना. डाव्या हाताने काढलेला भारताचा नकाशा वर्गाला ओळखता आला नाही.

सुभेदार बरे होऊन कुंडलला गेले, मी पुन्हा पहिल्यापासून शेकत बसलो. उन्हाळ्यात माझाही हात सुधारला. तेव्हा ते परत आले आणि म्हणाले, ज्या खेळाचं दुखणं भोगलं तो बघायचा तरी. मी त्यांना क्लबात नेलं. कोर्टाशेजारी खुर्चीत ताठ बसून त्यांनी माझा सगळा खेळ पाहिला.

 परतताना ते हळूच म्हणाले, “जावईबापू, तुमचं कोपार ह्या खेळानं दुखलं आसंल, आसं वाटत न्हाई. चेंडू तुमच्या बॅटला लागतोच कुठं?”

घरी आल्यावर बायकोने खेळ कसा झाला विचारलं. “लय पळत्यात,” ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले. पुढच्या आठवड्यापासून मी क्लबात बुद्धिबळाच्या टेबलाशी बसू लागलो.