इकाम्यावरचा गवंडी

ता. ९ मार्च १९९६, शनिवार. महाडचा एसटी स्टँड. हजर माणसे: अब्बा, अम्मी, माझी बायको नसीम, तिच्या कडेवर पाच महिन्यांची जोहरा, आणि मला सौदीचा व्हिसा आणून देणारे खालिदमामू. तिकीट, मेडिकल आणि एजंट धरून अडतीस हजार रुपये गेले होते. सहा वर्षांच्या नोकरीतली ती शिल्लक होती.

माझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा होता. व्हिसावर मात्र धंदा लिहिला होता गवंडी. डिप्लोम्यावर व्हिसा हवा तर सर्टिफिकेटवर मुंबई, दिल्ली आणि वकिलातीचे शिक्के लागत. त्यात तीन महिने जातील, असे सगळे सांगत.

"शिक्के कसले मोजत बसतोस रे? कागदावर गवंडी, हाफिसात खुर्ची. पगार खुर्चीचाच हाय," मामू म्हणाले.

"आणि कुणी कागदच बघितला तर?" अब्बांनी विचारले.

"दाजी, तिथं कोण बघतो?"

तीन महिन्यांचा पगार वाचला असा हिशेब करून मी गाडीत बसलो.

जेद्द्यात खुर्ची मिळाली, हे खरे. बांधकाम कंपनीत नकाशे काढत होतो. एका खोलीत आमच्या दासगावचे नऊजण, सगळे मामूंनी आणलेले, एकाच कफीलचे. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही त्या देशात राहता, तो मालक.

दोन वर्षांनी नसीम आणि जोहराला आणण्यासाठी अर्ज केला. पगार नियमात बसत होता. खिडकीतल्या माणसाने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, उघडला, धंद्याच्या ओळीवर बोट ठेवले आणि अर्ज परत सरकवला. गवंड्याला कुटुंब आणता येत नाही. कफीलकडे धंदा बदलून मागितला, तर त्याच्या वाट्याला आलेले सगळे व्हिसे गवंड्यांचेच होते. पुढच्या सुट्टीत मी सर्टिफिकेटवर शिक्के मारून घेतले. तीन महिने नव्हे, सात आठवडे लागले.

दुसरी कंपनी मला डिप्लोम्यावर घ्यायला तयार झाली. त्यासाठी कफीलची सही हवी होती. तो सही द्यायला तयार होता, पण म्हणाला, "तू गेलास तर तुझ्या गावाला माझ्याकडून पुन्हा व्हिसा नाही." त्या वेळी गावच्या दोघांचे व्हिसे यायचे होते. त्यातला एक माझा चुलतभाऊ रफिक.

मामूही जेद्द्यातच असत. ते खोलीवर आले. "वरीसभर थांब. रफिक येऊ दे."

"मामू, अडीच वर्षं झाली."

"तुझी पोर कुठं पळून नाय जात. माझा शब्द जातो."

"जोहरा बोलायला लागली, ती मी कॅसेटवर ऐकली, मामू."

बाकीचे आठजण ऐकत होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी पासपोर्ट काढून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सही घेतली. रफिकचा व्हिसा आला नाही.

१९९९ च्या जूनमध्ये नसीम आणि जोहरा आल्या. इकाम्यात माझ्या नावाखाली दोघींची नावे चढली. दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. जोहरा वाण्याच्या दुकानाला बकाला म्हणू लागली. फोनवर अब्बा म्हणाले, "तुमी तिघं एका छपराखाली आलात, बरं झालं." मग म्हणाले, "रफिकच्या दारावरनं जाताना मला खाली बघावं लागतं, एवढंच."

तिकडे कुणी घर कुठे म्हणून विचारले, तर मी आजही दासगावच सांगतो. जेद्द्याचा पत्ता फक्त फॉर्मवर लिहितो.

२००६ च्या मेमध्ये आम्ही सुट्टीवर आलो. महाडच्या नाक्यावर रफिकची रिक्षा उभी होती. त्याने तिन्ही बॅगा स्वतः चढवल्या, जोहराला कितवीत आहेस म्हणून विचारले, नसीमला पाणी दिले. आमच्याकडे घरच्या माणसाकडून रिक्षाचे भाडे घेत नाहीत. देऊ केले तर तो अपमान समजतात. म्हणून दारात उतरल्यावर मी पाकीट काढले नाही.

रफिक बॅगा ओट्यावर ठेवून उभा राहिला.

"ऐंशी झाले, भाई."

मी शंभराची नोट दिली. त्याने खिशातून वीस काढून माझ्या हातात ठेवले.